कायदे बदलत असताना सर्ट-इनसारखी सायबर सुरक्षा संस्था सरकारपासून स्वतंत्र कशी ठेवता येईल?

ठेवायचं कसं हे नंतर; आज ती स्वतंत्र आहे कुठे? सर्ट-इन, म्हणजे सायबर हल्ल्यांच्या तक्रारी घेऊन मदत करणारी केंद्राची संस्था, माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली चालते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब मध्ये तिचा महासंचालक सरकारने द्यायचा एवढंच आहे. मुदत किती, मधेच काढलं तर कारण द्यायचं का, यावर कलमात चकार शब्द नाही. सेवाशर्ती नियमांवर सोडून मोकळे.

पण माझं दुखणं वेगळं आहे. मी एका सहकारी साखर कारखान्यात संगणक विभाग सांभाळायचो. २०२२ चा गळीत हंगाम ऐन भरात होता. पहाटे काट्यावरच्या क्लार्कचा फोन आला, स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी पैसे मागतंय म्हणून. जाऊन बघतो तर एकही फाइल उघडेना. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर गेलेली, बैलगाडीवाले शिव्या घालतायत आणि हा बिचारा फुलस्केपवर हाताने वजनं लिहून प्रत्येकाची सही घेतोय.

त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इनचा आदेश निघाला होता: घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, लॉग (संगणकावर कधी काय झालं याच्या नोंदी) १८० दिवस जपा. मी मेल लिहून तयार ठेवला. एमडी साहेबांनी पाठवू दिला नाही. "मदत त्यांनाच मागायची आणि लॉग का नाहीत म्हणून केसही तेच करणार. नसती भानगड कुणी सांगितलीय?" दुपारपर्यंत सर्व्हर फॉरमॅट, बॅकअप चढवला, गाळप सुरू. हल्लेखोर कुठून शिरला याचा माग त्या डिस्कबरोबरच गेला. पुढे त्याच सॉफ्टवेअरवाल्याच्या दुसऱ्या कारखान्यात हेच झालं. आमचा मेल गेला असता तर ते आधी सावध झाले असते, असं मी आजही म्हणतो. साहेब आजही मला भाबडा म्हणतात.

चीड याची येते की कायद्यापुरतं साहेबांचं खरं होतं. सर्ट-इनने मागितलेली माहिती दिली नाही तर त्याच कलम ७०ब मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि कोर्टात तक्रार करणार तोही सर्ट-इननेच नेमलेला अधिकारी. डॉक्टरही तोच, फौजदारही तोच. म्हणून कायद्यात हात घालणारच असाल तर आधी ही दोन कामं तोडा. मदतीसाठी दिलेली माहिती देणाऱ्याविरुद्ध वापरता येणार नाही, हे कायद्यातच लिहा, परिपत्रकात नको. वैयक्तिक डेटापुरता दंड करायला २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने वेगळं मंडळ आणलंच आहे. (त्याचे सदस्यही केंद्रच नेमतं, तो आणखी वेगळा तमाशा.)

मंत्र्यांपासून अंतर? जून २०२३ मधलं कोविन या लसनोंदणी पोर्टलचं प्रकरण आठवा. टेलिग्रामवरच्या बॉटमधून लस घेतलेल्यांची माहिती निघत होती. आरोग्य मंत्रालयाने ज्या पत्रकात बातम्या निराधार आणि खोडसाळ ठरवल्या, त्याच पत्रकात सर्ट-इनला तपास करून अहवाल द्यायला सांगितल्याचंही होतं. निकाल आधी, तपास नंतर! असा अहवाल थेट संसदीय समितीकडे जायला हवा आणि महासंचालकाला ठरलेली मुदत हवी. नाहीतर अमेरिकेसारखं होतं. तिथे निवडणूक सुरक्षित झाली असं सांगणाऱ्या क्रिस क्रेब्ज या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या प्रमुखांना ट्रम्प यांनी १७ नोव्हेंबर २०२० ला एका ट्विटने घरी पाठवलं.

त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकारातून वगळलं. ॲपलचे हॅकिंगचे इशारे विरोधी खासदारांना आले, प्रियांका चतुर्वेदींनाही आला, आणि तपास सर्ट-इनकडे गेला, त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. दोन्हींचा संबंध आहे असा माझा दावा नाही, पण विचारायची वाट बंद झाली ती झालीच. भ्रष्टाचाराचा किंवा मानवाधिकारभंगाचा आरोप असेल तर अजूनही अर्ज करता येतो, हे सांगायला हवं. आणि चालू तपासातलं काही गुप्त ठेवावंच लागतं, हेही मला कबूल आहे.

कुणी एमडी हे वाचत असतील तर कायदा सुधारायची वाट बघू नका, सहा तासांत कळवा. आणि फॉरमॅट मारण्याआधी निदान डिस्कची प्रत काढून कपाटात ठेवा. नवी हार्ड डिस्क काही हजारांत येते, साहेब. एका ट्रॉली उसाचे पैसे त्याहून जास्त होतात.