‘नियंत्रणाबाहेर’ म्हणजे माल खराब का?

प्रश्न असा आहे की कंट्रोल चार्टवर (प्रोसेसची मापं ओळीने मांडून ती स्थिर आहे का ते बघायचा आलेख) पॉइंट मर्यादेच्या लाइनच्या बाहेर पडला तर मराठी रिपोर्टात ‘प्रक्रिया नियंत्रणाबाहेर’ लिहायचं का, आणि चार्ट वाचताना होणाऱ्या दोन चुकांना काय म्हणायचं.

‘नियंत्रणाबाहेर’ चुकीचं नाही, पण मराठीत ते ऐकलं की दंगल नाहीतर आगच डोळ्यासमोर येते आणि साहेब लगेच माल अडवायला निघतात. चार्टच्या भाषेत नियंत्रणात म्हणजे फक्त स्थिर, चढउतार नेहमीचेच आहेत, मधेच वेगळं काही घुसलेलं नाही, बस एवढंच. माल पास की फेल ते ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) ठरवतो, कंट्रोल लिमिट मात्र प्रोसेसच्या स्वतःच्या आकड्यांवरून काढलेली असते, त्यामुळे प्रोसेस छान नियंत्रणात राहून रोज रिजेक्शन देऊ शकते, आणि अस्थिर प्रोसेसचा सगळा माल पासही होऊ शकतो. म्हणून मी तरी ‘अस्थिर’ लिहीन.

आता चुका. वॉल्टर शूहार्टने 1924 मध्ये हा चार्ट काढला, त्याच्या मर्यादा मधल्या रेषेपासून तीन सिग्मावर (सिग्मा म्हणजे चढउतार किती ते सांगणारं माप, प्रमाण विचलन). आकडे नॉर्मल वाटणीचे (घंटेच्या आकाराच्या) धरले तर काहीही बिघडलेलं नसताना साधारण 370 पॉइंटांत एक उगाचच बाहेर पडतो. त्याला पुस्तकात ‘पहिल्या प्रकारची चूक’ म्हणतात, मी ‘नाहक इशारा’ म्हणेन. दुसरी म्हणजे ‘हुकलेला इशारा’ (प्रोसेस बदलली तरी पॉइंट आतच राहतो), आणि ही लोकांना वाटते त्यापेक्षा खूप जास्त होते: चार नगांच्या सरासरीचा चार्ट असेल आणि प्रोसेस एका नगाच्या हिशेबाने एक सिग्मा सरकली तर पुढच्याच पॉइंटला ते कळायची शक्यता जेमतेम 16 टक्के! तरी ‘पॉइंट आत आहे म्हणजे ओके’ असं बिनधास्त लिहितात.

नाहक इशाऱ्यावर (कधीकधी तर इशारा नसतानाही) उठसूट सेटिंग हलवण्याला क्वालिटीतज्ज्ञ डेमिंग ‘टॅम्परिंग’ म्हणायचे. त्याला ‘छेडछाड’ लिहिलेलं दिसतं पण त्यात वाईट हेतूचा वास येतो, इथे तर ऑपरेटर बिचारा भल्यासाठीच करतो. आपल्याकडे ‘उचापत’ हा फक्कड शब्द आहे की! आणि ती महागात पडते, स्थिर प्रोसेसमध्ये प्रत्येक नगाला जेवढा फरक आला तेवढंच सेटिंग दर वेळी उलट फिरवत बसलं तर व्हेरिएन्स (सिग्माचा वर्ग) थेट दुप्पट होतो.

रिपोर्टात मात्र उचापत नका लिहू, ‘अनावश्यक फेरबदल’ लिहा, नाहीतर ऑपरेटर भांडायला येईल.