किडनी-लिव्हर रक्तासारखे पेढीत साठवून का ठेवत नाहीत? काढल्यावर ते किती वेळ टिकतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की 'विज्ञान एवढं पुढं गेलं, मग फ्रीजमध्ये ठेवून द्यायला काय हरकत आहे?' हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. जवळजवळ हेच वाक्य मी ११ वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर ऐकलंय, आणि ते ऐकून गप्प बसले होते.

आकडे आधी सांगते. बर्फात ठेवलेलं हृदय ४ ते ६ तास, लिव्हर साधारण १२ तास, किडनी २४ ते ३६ तास. रक्ताचं म्हणाल तर तेही कायमचं टिकत नाही. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस आणि प्लेटलेट तर जेमतेम ५ दिवस, त्याही थंडीत ठेवायच्या नाहीत, साध्या हवेत हलत्या ठेवाव्या लागतात.

आता ओसरीवरची गोष्ट. आप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नेत्रदानाचा अर्ज भरला, कार्ड कपाटात ठेवलं आणि सगळ्यांना दाखवून ठेवलं. चैत्रात पहाटे साडेचारला ते गेले. दादा बंगळूरला. तो गाडी काढून निघाला तरी कराडला पोचून पुढं आमच्या गावापर्यंत यायला दुपारचे तीन वाजणार होते. मी म्हटलं, नेत्रपेढीला फोन करूया. थोरले काका म्हणाले, "पोरगा येऊ दे. बापाचं तोंड धड बघू दे त्याला. डोळे काढून शेवटी फ्रीजमध्येच ठेवणार ना? मग चार तास इकडं काय, तिकडं काय!" आणि वर म्हणाले, "आपल्या गाई भरवायला डॉक्टर येतो, त्याच्या कॅनमधलं बी वर्षानुवर्षं टिकतं. माणसाच्या डोळ्याला काय धाड भरलीय?"

भावकीनं माना डोलावल्या. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्या कॅनमध्ये काय असतं हे तिथं बसलेल्यांत मलाच माहीत होतं, आणि मीच बोलले नाही. थोरल्यांपुढं बोलायची घरात रीत नव्हती. डोक्यावर पंखा फिरत होता, आप्पांच्या पापण्या अर्धवट उघड्या होत्या.

काकांचा मुद्दा तसा अडाणी नव्हता, म्हणून त्याचं उत्तर नीट देते. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे. कॅनमध्ये उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन असतो आणि वीर्यात ग्लिसरॉल, म्हणजे आपलं ग्लिसरीन, मिसळलेलं असतं. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि बर्फाचे स्फटिक पेशी आतून-बाहेरून फाडतात. फ्रीजरमध्ये ठेवलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतो, तसंच. १९४९ साली ब्रिटनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना आढळलं की ग्लिसरॉल घातलं तर कोंबड्याचे शुक्रजंतू गोठूनही जगतात. आज अस्थिमज्जेतल्या आणि नाळेतल्या मूळपेशी साठवतात त्या याच वाटेनं, फक्त ग्लिसरॉलऐवजी बहुधा डीएमएसओ नावाचं रसायन वापरतात आणि मिनिटाला साधारण एक अंश अशा सावकाशीनं थंड करतात.

पण तिथं सुट्या पेशी असतात. द्रावण प्रत्येकीपर्यंत पोचतं, थंडीही एकसारखी लागते. किडनी म्हणजे मूठभर मांस, त्यात लाखो बारीक नळ्या आणि कितीतरी प्रकारच्या पेशी. बाहेरचा थर गोठतो तेव्हा आतला कोमटच असतो. द्रावण सगळीकडं मुरवायला जावं तर तेवढ्या प्रमाणात ते स्वतःच विषारी ठरतं. आणि खरा घात होतो तो परत गरम करताना. कुठं आधी, कुठं उशिरा ऊब लागते, मग अवयवाला तडे जातात, नाहीतर पुन्हा बर्फ धरतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठानं २०२३ मध्ये १०० दिवस अतिथंड ठेवलेली उंदराची किडनी परत बसवून चालवून दाखवली. तिच्या रक्तवाहिन्यांत लोहाचे अतिसूक्ष्म कण भरले होते आणि चुंबकी क्षेत्रानं ती आतून एकदम गरम केली. ती उंदराची होती, एवढं लक्षात ठेवा.

म्हणून माणसाचे अवयव गोठवत नाहीत, फक्त ४ अंशांच्या आसपास थंड ठेवतात. त्या थंडीत पेशींची भूक नेहमीच्या दहाव्या हिश्शावर येते, पण थांबत नाही. १९८०च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये बेल्झर आणि साउथर्ड यांनी अवयव थंड ठेवण्यासाठी केलेलं द्रावण अजून वापरात आहे. थंडीत पेशी पाणी ओढून सुजतात, ती सूज त्यानं आवरते. शिवाय आता यंत्रावर रक्त फिरवत अवयव जिवंत ठेवण्याची सोय होतेय. झुरिकमध्ये एक लिव्हर अशी ३ दिवस सांभाळून मग रुग्णाला बसवली.

डोळ्याचं तर काकांनी उलटंच धरलं होतं. फ्रीज आहे, नाही असं नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा काढून एमके नावाच्या साठवणीच्या द्रावणात ठेवला तर ४ दिवस टिकतो, त्याहून चांगल्या द्रावणात १४ दिवस. पण त्या पडद्याच्या सगळ्यात आतल्या थरातल्या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. पडद्यात मुरणारं पाणी त्या सतत बाहेर टाकतात, म्हणून तो पारदर्शक राहतो. मृत्यूनंतर त्या मरायला लागतात. म्हणून ६ तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, आणि ते ६ तास शेवटच्या श्वासापासून मोजायचे असतात. ओसरीवर पंख्याखाली गेलेला वेळ कुठलंही द्रावण परत आणत नाही.

दादा सव्वातीनला पोचला. मी तरीही नेत्रपेढीला फोन केला. पलीकडच्या माणसानं मृत्यूची वेळ विचारली, थोडा थांबला आणि म्हणाला, "ताई, आता उपयोग होणार नाही." दादाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला विचारायचं तरी. मी फोनवरच हो म्हणालो असतो."

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अर्ज भरून कार्ड कपाटात ठेवल्यानं काही होत नाही. ऐनवेळी घरच्यांनाच विचारतात, तेव्हा 'हो' कोण म्हणणार हे आधी ठरवा आणि त्या माणसाला भावकीपुढं उभं राहण्याची तयारी ठेवायला सांगा. नेत्रपेढीचा नंबर कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. चेहरा विद्रूप होतो ही भीती खोटी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन, चष्मा, मधुमेह यांनी काही अडत नाही.

काही गोष्टी राहिल्या. मी डॉक्टर नाही. वरचे तास म्हणजे ढोबळ मर्यादा आहेत, अवयव कसा आहे त्यावर डॉक्टर ठरवतात. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क असेल तर डोळे बसवत नाहीत. आणि घरी मृत्यू झाला तर मुख्यतः डोळे आणि त्वचाच देता येतात. किडनी, लिव्हर, हृदय मिळतात ते बहुतेक वेळा अतिदक्षता विभागात मेंदूमृत ठरलेल्या माणसाचे. त्वचेलाही ६ तासच, पण एकदा घेतली की ग्लिसरॉलमध्ये ५ वर्षं राहते, कारण भाजलेल्या माणसावर ती तात्पुरतं पांघरूण म्हणून घालतात, तिच्यातल्या पेशी जिवंत असाव्या लागत नाहीत. मुंबईत सायनच्या रुग्णालयात अशी पेढी २००० सालापासून आहे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली, रात्री दोनला. मी पहिला फोन नेत्रपेढीला केला, दुसरा दादाला, तिसरा काकांना. पंखा बंद केला, पापण्या मिटून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली दोन उशा दिल्या. दीड तासात दोघं आले, अर्ध्या तासात काम आटोपून गेले. काका सहाला आले. आईच्या उशाशी बसून बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "मग, ते डोळेवाले कधी येणार आहेत?"

"येऊन गेले, काका."