आधी वही परत द्या

कुडाळहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला, ६८ टक्के. नरक्या या झाडाच्या पानांत राहणाऱ्या बुरशीवर तिचा प्रोजेक्ट आहे आणि पुढे त्यातच संशोधन करायचंय. वडील लिहितात, ‘मी तिला सांगितलंय, दोन वर्षांत औषध शोधून दाखव, नाहीतर एमपीएससीला बस. पूर्व परीक्षा होईपर्यंत प्रोजेक्टची वही कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. बरोबर केलं ना?’

साफ चुकलंत. ६८ टक्क्यांवर तिचं काही अडत नाही. मी अडखळले ते त्या कुलपापाशी. तुमच्या पत्रात मेहुण्यांचा तहसीलदार मुलगा तीनदा येतो. मुलीचं म्हणणं एकदाच येतं, तेही घाईघाईत.

त्या वहीत काय असतं, कधी उघडून पाहिलंत? कुठल्या झाडाचं पान, कधी तोडलं, ७० टक्के अल्कोहोलमध्ये किती सेकंद बुडवलं, निर्जंतुक पाण्याने किती वेळा धुतलं. पानाबाहेरची बुरशी खरंच मेली का हे कळावं म्हणून शेवटच्या धुण्याचं पाणीसुद्धा बुरशी वाढवायच्या वेगळ्या प्लेटवर घालतात. त्या प्लेटवर काही उगवलं नाही आणि पानाच्या कापलेल्या कडेतून पांढरा तंतू बाहेर आला, तर ती बुरशी पानाच्या आतली. पुढे ती कितव्यांदा नव्या प्लेटवर घेतली, तेही तारखेसह. हे मागाहून आठवून लिहिता येत नाही. नोंद नसली तर फ्रीजमधली बुरशी असून नसल्यासारखी.

आता ‘दोन वर्षांत औषध’. नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं, कॅन्सरवरची औषधं ज्यापासून बनवतात ते द्रव्य. त्यापायी तुमच्या सिंधुदुर्गात या झाडाची चोरटी तोड होते, हे तुम्ही जाणताच. ते १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या गटाने. वाणी जन्माने नंदुरबारचे, शिकले मुंबई विद्यापीठात. कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेल्या टोपोटेकॅन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६ मध्ये. म्हणजे ३० वर्षं! झाडाऐवजी बुरशीकडून ते मिळवायची वाट त्याहून बिकट. नरक्यातल्याच एका बुरशीत कॅम्प्टोथेसिन सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्या चिनी झाडातली अशीच एक बुरशी प्लेटवर पुन्हा पुन्हा वाढवली, तसं तिचं कॅम्प्टोथेसिन बनवणं घटत गेलं. झाडाबाहेर आल्यावर तिला ते का जमेनासं होतं, यावर माणसं वर्षानुवर्षं काम करतात. हे तुम्ही शेवटच्या वर्षाच्या मुलीकडून दोन वर्षांत मागता. तिने हरावं म्हणूनच घातलेली अट आहे ही.

परीक्षा तिला ठाऊक असतील: एम.एस्सी.साठी सीयूईटी-पीजी किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, मग संशोधनाच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर-नेट. माझं तिला एकच सांगणं, रसायनशास्त्र सोडू नकोस. पानातून बुरशी काढणारे पुष्कळ भेटतात, तिने काय बनवलंय ते ओळखणारे कमी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथल्या कामाची चौकशी तिने स्वतः करावी. या वाटेवर तिशीपर्यंत पक्की नोकरी लागेलच असं नाही, हेही तिला आत्ताच कळलेलं बरं.

एमपीएससीला बसायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. वही मात्र आजच द्या. देताना त्यातलं एक पान तिला समजावून सांगायला सांगा आणि तिचं पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका.