मनात शंका येते, मग माझं तारण झालंच नाही का?

असं नाही. तारण म्हणजे पापातून झालेली सुटका, खात्री म्हणजे ती झाल्याची मनातली जाणीव. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गल्लत तिथेच होते. प्रॉटेस्टंट शिकवणीप्रमाणे तारण ख्रिस्तावर टेकलेलं असतं, आपल्या त्या दिवशीच्या मूडवर नाही.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा इंग्रज पाळक जॉन वेस्ली, त्याचंच बघा. 1736 मध्ये अमेरिकेला जाताना वादळात मुख्य शीड फाटलं. इंग्रज प्रवासी किंचाळत होते, मोरावियन (एका प्रॉटेस्टंट पंथाचे) जर्मन मात्र शांतपणे स्तोत्रं गात राहिले. पाळक असूनही आपल्याकडे असा निर्धास्त विश्वास नाही, ही बोच त्याला लागली. 24 मे 1738 ला लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत, रात्री पावणेनऊच्या सुमारास, त्याला आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री वाटली. पण पुढच्याच जानेवारीत तो रोजनिशीत लिहितो, मी ख्रिस्ती नाही!

सगळ्या मंडळ्यांचं यावर एकमत नाही. कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1547 मध्ये अशी पक्की खात्री नाकारली. तिथे आशेवर भर आहे. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनचे अनुयायी म्हणतात, खरं तारण गमावता येत नाही. वेस्लीच्या मते गमावता येतं.

बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र 5:13 वाचा. तिथे सार्वकालिक जीवन मिळालंय हे ‘तुम्हांला कळावं’ म्हणून लिहिलंय, ‘वाटावं’ म्हणून नाही.