घर रोज पुसूनही मुंग्या येतात, कायमचा उपाय आहे का?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि हातातलं निवडणं बाजूला ठेवून लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय, दिवसातून दोनदा ओटा पुसते, रात्री एक खरकटं भांडं सिंकमध्ये ठेवत नाही, तरी मुंग्यांची रांग आहेच, आणि घरचे म्हणतात तुझं लक्ष नाही. त्याखालची उत्तरंही वाचली. सगळ्यांनी तुम्हाला स्वच्छता ठेवायला सांगितलंय. म्हणजे प्रश्न कोणी वाचलाच नाही.

मुंग्या घाणीवर येत नाहीत हो. घाणीवर झुरळं येतात. मुंगी गोडावर येते, ओलाव्यावर येते, आणि कधी कधी तुमच्या स्वयंपाकघराशी तिचं काही देणंघेणंच नसतं, तिचं खरं जेवण दुसरीकडे चालू असतं आणि तुमचा ओटा नुसता वाटेत असतो. हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी एकोणीस वर्षं मी ऐकून घेतलं.

२००९ सालचा गणपती ऑगस्टमध्येच आला होता. आमचं घर डोंबिवलीला, जुन्या बिल्डिंगमध्ये पहिला मजला, स्वयंपाकघराला लागून ग्रिलची गॅलरी. दीड दिवसाचा गणपती, सगळे आमच्याकडे जमतात. पुण्याच्या वन्सं आदल्या दिवशीच येतात. मी रात्रीच सारण करून ठेवलं होतं. चार नारळ, चिकीचा नाही, साधा पिवळा गूळ, जायफळ. मुंग्यांचा अनुभव होता म्हणून पातेलं परातीत पाणी घालून मधोमध ठेवलं. एवढं सगळं केलं आणि पातेल्यातलं उलथनं काढायला विसरले. झाकण त्याच्यावर तिरकं बसलं होतं आणि उलथन्याचा दांडा भिंतीला टेकला होता. मुंगीला तेवढा पूल पुरतो.

सकाळी झाकण उचललं ते वन्संनी. माझ्या दोन्ही जावा तिथे, शेजारच्या काकू उकड मळायला आलेल्या. वन्सं म्हणाल्या, "अगं बाई, हे काय! आमच्याकडे एक मुंगी दिसत नाही हो. घरात लक्ष असलं की नाही येत." बस, एवढंच. ओरडल्या नाहीत, काही नाही. मी चार नारळ परत खवले. सोवळ्यात, पाठ करून, कोणाशी न बोलता. नैवेद्याला पाऊण तास उशीर झाला तो माझ्याच नावावर लिहिला गेला.

आमच्या सासूबाईंचं वेगळंच. त्या दर शनिवारी गॅलरीच्या कोपऱ्यात मुंग्यांना पीठ-साखर घालायच्या आणि रविवारी ओट्याखाली मुंग्या मारायची गॅमॅक्सिनची पावडर टाकायच्या. एका हाताने पुण्य, दुसऱ्या हाताने पावडर. मी एकदा हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, त्या बाहेरच्या मुंग्या वेगळ्या.

विसर्जन झालं, पाहुणे गेले, आणि मी चिरंजीवांना कामाला लावलं. तेव्हा तो नववीत होता. त्याला म्हटलं, अभ्यास राहू दे, मला या मुंग्या येतात कुठून ते शोधून दे. त्याने माझ्यासारखी फडकं हातात घेऊन सुरुवात केली नाही, आणि हीच गोष्ट तुम्ही पहिली करायची आहे. रांग दिसली की आपण लगेच पुसतो. पुसलं की पुरावा गेला. मुंगी चालताना पोटाच्या टोकाने वासाची खूण जमिनीवर ठेवत जाते, मागची तीच हुंगत येते. त्याने उलट गुळाच्या पाण्याचे दोन थेंब ओट्यावर ठेवले, रात्री दिवे घालवले आणि अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन बसला. येणाऱ्या नाही, परत जाणाऱ्या मुंग्या बघायच्या. पोट भरलेली मुंगी सरळ घरी जाते.

रांग ओट्याच्या कडेने, गॅसच्या नळीमागून, स्विचबोर्डाच्या फटीत गेली. मी इथपर्यंत पूर्वीही पोचले होते आणि बोर्डातच वारूळ आहे असं समजून दर वर्षी तिथे फवारा मारत होते. (विजेच्या बोर्डात फवारा मारू नका, मी मारला म्हणून तुम्ही मारू नका.) पोरगा गॅलरीत गेला. बोर्डामागून येणारी केबलची वायर खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून बाहेर पडते, त्या वायरवर रांग. वायरवरून ग्रिलवर, ग्रिलवरून कपडे वाळत घालायच्या दोरीवर, आणि दोरीला टेकलेल्या फांदीवरून थेट जास्वंदीवर.

ही जास्वंद तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावलेली, चांगली छातीपर्यंत वाढलेली. शेंड्यांना पांढरं कापसासारखं काहीतरी चिकटलेलं असायचं. मी बुरशी समजायचे. तो म्हणाला, आई, याला पाय आहेत.

ते पिठ्या ढेकूण. शेतकरी घरातल्यांना माहीत असतात, डाळिंब-द्राक्षवाले तर त्यांच्या नावाने बोटं मोडतात. हे किडे झाडाचा रस पितात आणि त्यातला जास्तीचा गोडवा चिकट थेंबांच्या रूपात मागून सोडतात. मुंग्यांना तो थेंब म्हणजे आयता पाक. बदल्यात मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांना खाणारे किडे आले की हाकलतात. म्हणजे आमच्या गॅलरीत मुंग्यांचा गोठा होता. बारा महिने दूध चालू. माझा ओटा चकचकीत असो नाहीतर बरबटलेला, त्यांना काय फरक पडणार होता?

आणि ती जास्वंद कोणी आणली होती? वन्संनी. २००७ साली पुण्याच्या एका नर्सरीतून, गणपतीला घरचं लाल फूल हवं म्हणून. मी तेव्हा काही बोलले नाही. फोन उचलला होता, परत ठेवला. आज इथे लिहितेय.

आता औषधाचं. कॅरमवर टाकायची बोरिक पावडर आठवते? तीच. मेडिकलमध्ये मिळते, स्वस्त आहे. अर्धा लिटर कोमट पाणी, चार मोठे चमचे साखर, आणि बोरिक पावडर एक छोटा चमचा, सपाट, शीग नाही. विरघळू द्या. बाटलीच्या झाकणात कापूस भिजवून रांगेच्या वाटेवर ठेवा. पावडर कमी आहे असं वाटून वाढवू नका, इथेच लोक चुकतात. विष कडक झालं की खाणारी मुंगी वाटेतच मरते नाहीतर तोंडच लावत नाही. आपल्याला ती मरायला नकोय, तिने पोटात घेऊन घरी जायला हवंय. मुंग्या एकमेकींना तोंडातून भरवतात, तसं ते पिल्लांपर्यंत आणि राणीपर्यंत पोचतं. राणी गेली की विषय संपला. ओट्यावर दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे वसाहतीतली थोडीशी चाकरमानी मंडळी, ती मारून राणीला काही फरक पडत नाही.

पहिल्या दिवशी झाकणाभोवती दीडदोनशे मुंग्या जमल्या. जमणारच, जेवायलाच बोलावलंय. सासूबाई दुपारी पाणी प्यायला उठल्या, ते दृश्य पाहिलं आणि सगळं फिनेलने पुसून टाकलं. मी ऑफिसातून येऊन बघते तर ओटा लख्ख आणि त्या खूश. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, त्या दिवशी पहिल्यांदा माझा आवाज चढला. दुसऱ्या खेपेला झाकण सिलिंडरच्या मागे ठेवलं. तिथे वाकायला त्यांचे गुडघे देत नव्हते.

साखरपाणी आंबतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी बदलत राहिले. चार दिवस गर्दी, मग विरळ, मग एखाददुसरी. सर्वपित्री अमावास्येच्या आत रांग बंद झाली. तोपर्यंत फडकं लावलं नाही, फवारा नाही, काही नाही. रांग बंद झाल्यावरच साबणाच्या पाण्याने सगळी वाट ओट्यापासून खिडकीपर्यंत पुसली, म्हणजे जुनी खूण जाते. वायरीचं भोक एम-सीलने बुजवलं, ओट्याच्या टाइल्सच्या फटींत पांढरं सिमेंट भरलं. जास्वंदीचे किडके शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकले, उरलेल्या झाडाला जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावलं, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. आणि फांदी दोरीपासून, ग्रिलपासून, भिंतीपासून लांब बांधली. हे शेवटचं फुकटात होतं आणि माझ्या मते निम्मं काम त्याचंच.

फवाऱ्याबद्दल माझं मत विचारू नका, पण सांगतेच. घरातल्या बारीक मुंग्यांच्या काही जातींत एका वसाहतीत बऱ्याच राण्या असतात. फवारा मारला की वसाहत घाबरून फुटते आणि एकेक राणी आपला लवाजमा घेऊन वेगळं बिऱ्हाड करते. एका जागेच्या मुंग्या तीन जागी होतात आणि आपण परत बाटली आणतो. खडूची रेघही तशीच. रेघेपुरत्या मरतात, मग लांबून वळसा घालून येतात. हळद, कापूर, दालचिनी, काकडीची सालं यांनीही तेच होतं. मुंगी वाट बदलते, घर बदलत नाही. साखरेच्या डब्यात लवंगा मात्र मी अजून टाकते. डब्यापुरतं ठीक आहे, त्याला घराचा उपाय म्हणू नये.

गॅमॅक्सिन कोणाच्या माळ्यावर अजून असेल तर काढून टाका. त्यातलं मूळ औषध लिंडेन, त्याच्या वापरावर आपल्याकडे २०१३ पासून बंदी आहे. आम्ही ते ओट्याखाली, पिठाच्या डब्यांशेजारी टाकत होतो. ज्या घरात मला स्वच्छतेचे धडे मिळाले त्या घरात.

आता राहिलेलं. तुमच्या मुंग्या कोणत्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. आमच्या होत्या त्या अगदी बारीक, डोकं काळपट आणि मागचा भाग फिकट, जवळजवळ दिसत नाही असा. चिरडली तर खवट खोबऱ्यासारखा वास येतो. मोदकाच्या सारणात तो वास मी ओळखायला हवा होता, नारळच खवट निघाला म्हणून दुकानदाराला दोष देत होते. या मुंग्यांना गोड चालतं. तुमच्या मुंग्या साखरपाण्याला तोंड लावत नसतील तर शेंगदाण्याच्या कुटात किंवा तुपात चिमूटभर बोरिक कालवून बघा, काहींना स्निग्ध लागतं आणि काहींची आवड मध्येच बदलते. मोठे काळे डोंगळे असतील तर ते बहुधा बाहेरच्या झाडाखालून येतात, दाराची फट बंद करा.

कायमचा उपाय असं तुम्ही विचारलंय. नाही. पहिल्या पावसात जमिनीतल्या वारुळांत पाणी शिरलं की तोंडात अंडी धरून त्या वर येणारच, पहिल्या मजल्यावर तर येणारच. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात झाकण ठेवते, पंधरा दिवसांत विषय संपतो. वर्षभराचं येणं मात्र थांबलंय.

बोरिक पावडर पोटात गेली तर माणसालाही विषारी आहे हे आधीच लिहायला हवं होतं. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर झाकण त्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, पोळ्या लाटता त्या ओट्यावर नको, आणि उरलेलं मिश्रण पाण्याच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये तर मुळीच नको. बाटलीवर मोठ्या अक्षरात विष असं लिहा. वाळवीला ही मात्रा लागू नाही, ती मुंगी नव्हेच. बोर्डात खरोखरच वारूळ असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर जास्वंद यायच्या आधीही आमच्याकडे पावसाळ्यात मुंग्या असायच्या. पण चार दिवस असायच्या. पिठ्या ढेकूण नर्सरीतून आले की आमच्या गॅलरीत वाऱ्याने आले हे मी सिद्ध करू शकत नाही, यांचं म्हणणं वाऱ्याने आले असतील. ह्यांना बहिणीचं बरोबर सुचतं. पण मागच्या वर्षी वन्संचा फोन आला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग हळूच म्हणाल्या, ते कॅरमच्या पावडरीचं प्रमाण काय गं तुझं? मी म्हटलं, एक छोटा चमचा, सपाट. आणि कुंड्या बघा.

तुम्हीही बघा. गॅलरीत जास्वंद, मोगरा, कढीलिंब, काय असेल ते, पानं उलटी करून बघा. मग कळवा.