खुर्चीचे हात सोड

लेकरा,

परवा चहा पिऊन निघालास तेव्हा खुर्चीचे दोन्ही हात धरून उठलास. तुझं लक्ष नव्हतं, माझं होतं. वय २७. चार वर्षांपूर्वी पोलीस भरतीसाठी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पहाटे १६०० मीटर पळणारा पोरगा तू. भरती हुकली, क्लार्कची ऑर्डर आली, पेढे वाटले. आणि आता लिहितोस, दोन जिने चढलो की धाप लागते. काका, जिम लावू, घड्याळ घेऊ का प्रोटीनचा डबा आणू?

काय आणायचं ते आण. आधी खुर्चीचे हात सोड.

हसू नकोस. साधी खुर्ची भिंतीला टेकव, हात छातीवर आडवे बांध, पूर्ण उभा राहा, परत बस. ३० सेकंदांत किती वेळा होतं ते मोज. ही म्हाताऱ्यांची चाचणी आहे बरं का. साठ-चौसष्टच्या पुरुषाचे १४ पेक्षा कमी भरले तर ते कमी धरतात. तुझा आकडा कळव, लपवू नकोस.

आणि ‘वय होतंय’ म्हणू नकोस, डोकं फिरतं. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच पोरांना तीन आठवडे नुसतं खाटेवर झोपवून ठेवलं. ३० वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. त्या तीन आठवड्यांनी त्यांचा दम जेवढा घटवला होता, तेवढा तीस वर्षांच्या वयानंही घटवला नव्हता! मग सहा महिने व्यायाम करून घेतला, तर वयानं गेलेला दम परत आला. खुर्ची म्हणजे खाट नव्हे, कबूल. पण धाकटी बहीण आहे तिची.

मी ४४ चा असताना सेलूला भाचीच्या लग्नात पंगतीत बसलो. जेवण झकास. उठायला गेलो तर गुडघे हलेनात. शेजारच्या पाव्हण्याच्या खांद्यावर भार टाकला, तो कलंडला, त्याच्या द्रोणातलं वरण माझ्या पायजम्यावर. शेवटी वाढप्यानं काखेत हात घालून उचललं. पुढची पंगत जागेसाठी ताटकळत उभी होती, सगळ्यांनी पाहिलं. तिथंच शहाणं व्हायचं, तर मी काय केलं? पुढच्या लग्नापासून टेबल-खुर्ची मागायला लागलो. दहा वर्षं! तू म्हणशील काका आळशी. अरे, मार्चअखेरीला रात्री अकरापर्यंत बिलं कोण काढत होतं? माणूस उठणार कधी? शिवाय गुडघे आमच्या घराण्यातच कच्चे, आईचेही गेले होते. असो. माझं सोड, तू खुर्चीचे हात सोड.

फाईल शिपायाला आणायला सांगू नकोस, उठून जा. आठवड्यातून दोनदा जोर-बैठका काढ. बाकी दिवस असा चाल की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. ‘वेळ मिळत नाही’ हेही चालणार नाही. सलग दहा मिनिटं झाली तरच व्यायाम, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये काढून टाकली. दोन मिनिटांचा जिनासुद्धा हिशेबात येतो. मे महिन्यात मात्र पहाटेच नीघ, आपलं ऊन तुला सांगायला नको. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर माझं पत्र ठेव बाजूला आणि डॉक्टर गाठ.

रविवारी ये. ओसरीत चटई टाकतो, चहा तिथंच देईन. मी खुर्चीत बसेन, माझं वेगळं आहे.

तुझा काका