शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या लेकराचं स्वयंपाकघर

ताई, वेगळं ताट वाढण्यापेक्षा घरातूनच दाणे बंद करा. दोन स्वयंपाक करताना डाव हमखास इकडचा तिकडे जातो.

आधी मिक्सर बघा. भांडं कितीही घासलं तरी पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात कूट अडकून राहतं. चटणीचं भांडं नवीनच घ्या. पोळपाट-लाटणं लाकडी असेल आणि त्यावर दाण्याचं कूट घातलेल्या गुळाच्या पोळ्या झाल्या असतील, तर तेही बदला.

घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनं उरतात, म्हणून ते नको. त्याच घाण्यावर काढलेलं खोबरेल किंवा करडईचं तेलही नको; सीलबंद घ्या. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर सुटं डाळं, पोहे स्वस्त मिळतात खरे, पण माप सगळ्या पोत्यांत तेच फिरतं. पाकिटावरची ॲलर्जीची सूचना दर खरेदीला वाचा.

साबुदाण्याची खिचडी दाण्यांशिवाय गचका होते, कारण कूट ओलावा शोषतं. म्हणून 1 वाटी साबुदाणा धुऊन जेमतेम बुडेल एवढ्याच पाण्यात 4-5 तास भिजवा, निथळा आणि पाव वाटी भाजलेलं सुकं खोबरं कुटून घाला. रस्सा दाट करायलाही खोबरंच. तीळ किंवा डाळं वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. काही मुलांना तेही चालत नाहीत.

वडापावच्या सुक्या चटणीत बहुधा दाणे असतात, त्यामुळे स्टेशनबाहेरचा वडा चटणीविनाही नकोच, हात तेच असतात.

ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला किंवा खाल्ल्यावर लगेच उलट्या सुरू झाल्या, तर थांबू नका: 108 लावा. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं (तीव्र ॲलर्जीवरच्या तातडीच्या औषधाचं) इंजेक्शन जवळ ठेवायला दिलं असेल तर ते आधी.